‘उचल्या’ : नाव, नोंद आणि न्याय

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. तेव्हापासून ह्या पुस्तकाविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्या लेखनाचा बराचसा भाग ‘दाहक’, ‘विदारक’, ‘अनुभवाचा प्रामाणिकपणा’ अशा चार-दोन शब्दांभोवतीच फिरत राहिला. भूक किती, मार किती, चोरीचे शिक्षण कसे दिले जाते, ह्यांची मोजदाद टीकाकारांनी आस्थेने केली. पुस्तकाचे नाव मात्र जवळजवळ न वाचताच सोडून दिले. वास्तविक ह्या ग्रंथाचा सारा व्यवहार त्या एका शब्दाशी आहे. माणसाच्या कृतीला त्याचा स्वभाव ठरवावयाचे, आणि स्वभावाला त्याचा जन्म, ही क्रिया त्या शब्दात घडून गेलेली आहे. आणि नेमकी तीच क्रिया ऐंशी वर्षे ह्या देशाच्या फौजदारी कायद्याने केली.

प्रथम शब्दाची घडण पाहावी. ‘उचलणे’ ह्या धातूस ‘-या’ प्रत्यय लागून ‘उचल्या’ हे नाम सिद्ध होते. रड्या, बडबड्या, कुरकुऱ्या ही त्याच घरातील भावंडे. एकदा रडला त्यास कोणी रड्या म्हणत नाही. वारंवार रडणे हा ज्याचा गुण होऊन बसला आहे त्यालाच ते नाव मिळते. म्हणजे ह्या प्रत्ययात काळ नाही, सवय आहे. घडलेली क्रिया पुसली जाते आणि तिच्या जागी कर्त्याचा स्थायी धर्म उरतो. दुसरी गोष्ट अशी की, हा प्रत्यय बहुधा उपहासाचाच आहे. रोज गाणाऱ्यास मराठी माणूस ‘गाण्या’ म्हणत नाही. तो गवई होतो, गायक होतो. आणि तिसरी गोष्ट, जी सर्वांत महत्त्वाची: हाच ‘-या’ विशेषनामासही लागतो. पाटील, सावकार आणि फौजदार ज्यास अरेतुरे करू शकतात त्या लक्ष्मणाचा ‘लक्ष्म्या’ होतो, गणपतीचा ‘गण्या’ होतो. ‘उचल्या’ ह्या शीर्षकात जमातीचे नाव, गुन्ह्याचे नाव आणि हाक मारण्याची तुच्छ तऱ्हा ह्या तिन्ही गोष्टी एकाच अक्षरात येऊन बसल्या आहेत. लेखकाने ते नाव बदलले नाही, अवतरणात घातले नाही. जसेच्या तसे मुखपृष्ठावर ठेवले. हे धैर्य केवळ आत्मकथनाचे नाही, भाषेचे आहे.

परंतु रड्यालाही निदान रडावे लागते. कायद्याने ती अटही काढून टाकली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून सरकारी राजपत्रात जाहीर झाली, की ती जाहीर होणे हाच निर्णायक पुरावा मानला जाई. तिच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. कायदा मांडताना जो युक्तिवाद करण्यात आला तो भाषाभ्यासकाने नीट पाहण्याजोगा आहे. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तेव्हा पिढीजात गुन्हा करणाऱ्यांचीही जात असलीच पाहिजे, असा तो विचार होता. जातिनाम आणि व्यवसायनाम एकच असण्याच्या आपल्या भाषिक रूढीतून राज्यकर्त्यांनी एक फौजदारी प्रमेय काढले. येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त मांडणारा चेझारे लोंब्रोझोचा इटालियन ग्रंथ १८७६ साली निघाला. हिंदुस्थानातील कायदा त्यापूर्वी पाच वर्षांचा आहे. युरोपने कवट्या मोजून जे सिद्ध करण्याचा खटाटोप केला, ते येथे मोजमापाशिवायच राजपत्रात छापले गेले होते.

मूळ कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांसही लागू झाला आणि नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. १९२४ साली सर्व तरतुदी एकत्र करण्यात आल्या. ठरावीक गुन्ह्यांबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा जन्मभर काळे पाणी, अशी शिक्षा नोंदलेल्या माणसास होती. तोच गुन्हा शेजारच्या घरातील, जमातीबाहेरच्या माणसाने केला तर त्यास ही शिक्षा नव्हती. फरक गुन्ह्यात नव्हता, नावात होता. सोलापुरास तारेच्या कुंपणात जी वसाहत उभारली गेली तीतील माणसे कापडगिरण्यांत मजुरी करीत. ‘सेटलमेंट’ हा शब्द तेथे अजून मोहल्ल्याचे नाव म्हणून जिवंत आहे; ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता आजही पाकिटावर लिहिला जातो. ‘फ्री’ हे विशेषण कोणाच्या संदर्भात आले असावे, हे त्या पत्त्यावर पत्र टाकणाऱ्यास क्वचितच सुचत असेल.

ह्या कामी विद्वानांचा हातभार किती, हेही नमूद केले पाहिजे. मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी एम. केनेडी ह्यांनी १९०८ साली इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर एक टिपणग्रंथ काढला. भामटा, बेरड, कैकाडी, पारधी, रामोशी, वडार अशा एकेका जमातीखाली वस्ती, पेहराव, वेषांतर, गुन्ह्याची रीत ह्या मथळ्यांच्या जोडीला बोली व बोलण्यातील लकबी असाही मथळा त्यात आहे. म्हणजे कैकाडी माणूस घरात कोणत्या भाषेत बोलतो हे त्याच्या पहारीच्या आकाराइतकेच तपासाचे साधन झाले. मराठीत ‘गावगाडा’सारखा (१९१५) मोलाचा ग्रंथ लिहिणाऱ्या त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी ‘गुन्हेगार जाती’ नावाचेही पुस्तक लिहिले, आणि ‘गावगाडा’तील फिरस्त्यांविषयीच्या प्रकरणात स्थिर शेतकऱ्याच्या बाजूने ते ज्या त्राग्याने बोलतात, त्यात गावाबाहेरच्या पालात राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकू येत नाही. आत्र्यांची निरीक्षणशक्ती असामान्य होती, हे मान्य करूनच हे म्हटले पाहिजे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने कैकाडीस तमिळच्या व पारधी बोलीस भिल्ल बोलींच्या गटात घालून शास्त्रीय न्याय दिला खरा. परंतु १९२२ च्या अकराव्या खंडात भामटी, कोल्हाटी, गारुडी, सांसी ह्या बोली ‘जिप्सी भाषा’ ह्या शीर्षकाखाली एकत्र आल्या आणि त्यांतील सांकेतिक शब्दांना मोठे महत्त्व मिळाले. व्यापाऱ्यांच्या व दलालांच्याही सांकेतिक बोली असतात. त्यांवरून कोणी त्यांस गुन्हेगार ठरविले नाही.

शब्दकोशांच्या द्वाराने हे सारे सामान्य मराठी भाषेत उतरले. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव. आज ते लबाडाचे सामान्यनाम आहे, आणि महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जमातींच्या यादीत जमातीचे नाव म्हणूनही कायम आहे. ‘बेरड’ म्हणजे कोडगा, निर्ढावलेला, असे सुशिक्षित घरांतही सहज बोलले जाते. एकाच शब्दाने दाखला मिळावा आणि त्याच शब्दाने शिवी द्यावी, अशी ही स्थिती आहे. भीमराव गस्ती ह्यांनी १९८७ सालीच आपल्या आत्मकथनास ‘बेरड’ हे नाव दिले. बेळगावकडील ह्या लेखकाने शिवीतून जातिनाम सोडवून घेण्याचा प्रयत्न त्या नावात केला आहे.

ह्या शब्दाशी झुंजण्याच्या मराठी साहित्यातील पद्धती एकसारख्या नाहीत, आणि ‘उचल्या’चे वेगळेपण त्या ताडून पाहिल्यावरच ध्यानात येते. अण्णा भाऊ साठे ह्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) मांगांना द्यावी लागणारी हजेरी आहे, सरकारी खजिन्यावरचा दरोडा आहे, उपाशी वस्तीत वाटलेले धान्य आहे. तेथे आरोप नाकारलेला नाही. त्याचे मूल्य उलटविले आहे. लुटणारा आहे, पण तो वीर आहे. पोवाड्याच्या परंपरेत वाढलेल्या लेखकास हा मार्ग स्वाभाविक होता आणि त्याने मराठी कादंबरीस एक उंच नायक दिला. मात्र वीरत्वाच्या त्या प्रकाशात, जो वीर नाही आणि चोरही नाही असा साधा मांग थोडासा अंधारात राहतो. लक्ष्मण माने ह्यांनी ‘उपरा’ (१९८०) हे शीर्षक देऊन वाद चोरीपासून काढून गावाच्या सीमेवर नेला: प्रश्न काय केले हा नाही, कोठला हा आहे. गायकवाडांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. त्यांच्या पुस्तकात चोरी आहे, ती भुकेपोटी आहे, ती मुलांना मारझोड करून शिकविली जाते, आणि तिला ना शौर्याचा मुलामा आहे ना पश्चात्तापाचा. त्याच घरात चोरी न करणारा बापही आहे. एकाच छपराखाली उचलणारे आणि न उचलणारे असे दोघे दाखविताच शीर्षकातील प्रत्यय खिळखिळा होतो. कारण पोलीस येतात तेव्हा त्या दोघांत फरक करीत नाहीत.

ह्या संदर्भात ‘हजेरी’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. आजा लिंगप्पा ह्यास पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. (लातूरजवळचे धनेगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते; त्या संस्थानातही ह्या स्वरूपाचा स्वतंत्र कायदा होता, हे विसरू नये. ‘इंग्रजांनी केले’ एवढ्याने हा विषय संपत नाही.) नातू शाळेत जातो, तेव्हा तेथेही हजेरीच असते. एका वहीत नाव असणे म्हणजे माणूस पळाला नाही ह्याचा पुरावा, दुसऱ्या वहीत नाव असणे म्हणजे तो आला ह्याची नोंद. मराठीने दोन्हींसाठी शब्द एकच ठेवला. वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली तेव्हा पोर शाळेत गेल्यामुळेच हे झाले असे जमातीतील माणसांना वाटते, तो प्रसंग अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून सांगण्याची प्रथा पडली आहे. ती अपुरी वाटते. ज्या लोकांच्या अनुभवात सरकारी वहीत नाव चढणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे संकट, त्यांनी नव्या वहीची धास्ती घ्यावी, ह्यात अज्ञानापेक्षा स्मृतीचा भाग अधिक आहे.

पुस्तक सर्वत्र सारख्या उंचीवर नाही. उत्तरार्धात सूतगिरणी, संघटना, सभा, मोर्चे ह्यांचे निवेदन सुरू झाल्यावर भाषा अहवालाची होते. पूर्वार्धात एकेका वस्तूवर थांबणारी नजर तेथे घाईत असते. तरीही ह्या सैलपणाचे एक कारण लक्षात घ्यावे: जो माणूस आजवर इतरांच्या नोंदीचा विषय होता, तो येथे स्वतः नोंदी करू लागला आहे, आणि नोंदीची भाषा त्यास सरकारी कागदांतूनच मिळालेली आहे.

भाषांतरांची शीर्षके ह्या दृष्टीने फार बोलकी आहेत. हिंदीत सूर्यनारायण रणसुभे ह्यांनी ‘उठाईगीर’ असे नाव दिले. त्यातील ‘-गीर’ हा फारसी वळणाचा, धंदा सुचविणारा अंश आहे; मराठीतील सवय हिंदीत पेशा झाली, म्हणजे १८७१ च्या युक्तिवादाच्या एक पाऊल जवळ गेली. इंग्रजीत पी. ए. कोल्हारकर ह्यांनी १९९८ मध्ये ‘द ब्रँडेड’ असे नाव दिले: डाग दिलेला. येथे कर्ता नाहीसा झाला आणि कर्म उरले. न्यायाच्या दृष्टीने इंग्रजी शीर्षक अधिक बरोबर आहे. डाग कोणीतरी दिला, हे ते सांगते. साहित्याच्या दृष्टीने मात्र मराठी शीर्षकच श्रेष्ठ, कारण ते वाचकाच्या तोंडून तो शब्द वदवून घेते. पुस्तक मागण्यासाठीदेखील ‘उचल्या’ म्हणावे लागते.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला. अनंतशयनम् अय्यंगार समितीच्या अहवालानंतर केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर संपुष्टात आणला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. ‘विमुक्त’ ह्या शब्दात मुक्ती आहे, पण ते कर्मणी धातुसाधित आहे. ‘मुक्त’ माणसास पूर्वेतिहास लागत नाही. ‘विमुक्त’ म्हटले की कशातून, असे विचारावेच लागते. शिवाय जे नाव एका हाताने काढले ते दुसऱ्या हाताने परत ठेवल्यासारखे झाले. मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा १९५९ चा. ‘सराईत’ हा मुळात कौतुकाचा शब्द. सराईत हात, सराईत वादक असे आपण म्हणतो. कायद्याच्या मराठीत तो गुन्ह्यास जोडला गेला आणि वृत्तपत्रांनी ‘पोलिसांच्या रेकॉर्डवरील सराईत’ हा ठोकळा पाठ केला. कागदोपत्री हा कायदा व्यक्तीस लागू आहे, जमातीस नाही, हा फरक मोठा आहे आणि तो नाकारता येणार नाही. परंतु रेकॉर्डवर कोण आधीच होते, हा प्रश्न शिल्लक राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ साली भारताच्या अहवालावर मत देताना विमुक्तांवरील कलंकाचा उल्लेख करून सराईत गुन्हेगार कायदा रद्द करावा अशी शिफारस केली. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची भूमिका सर्वश्रुत आहे. तथापि जन्मावरून गुन्ह्याचे अनुमान काढणे ही जी क्रिया, तिला वंशभेदाहून निराळे नाव कोणते द्यावे, हे त्या भूमिकेतून कळत नाही. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नाहीशी केली, पण गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला. आणि दक्षिणेतील राज्यांनी लागलीच भटकेपणाचे कायदे करून काळ्या मजुरांना त्या अपवादात ओढले. स्थिर पत्ता नसणे हाच गुन्हा, हे सूत्र दोन्हीकडे समान दिसते.

ह्याचे परिणाम केवळ शब्दांत राहत नाहीत. २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या सहांना पुन्हा फाशी ठरविली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपास झाला नव्हता. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे तुरुंगात गेली. तीन न्यायालयांतून पुरावा फिरला आणि त्यातील ही भोके कोणास दिसली नाहीत, ती का दिसली नाहीत, ह्याचे उत्तर निकालपत्रात सापडणार नाही. ते शोधण्यास ‘उचल्या’ची पहिली प्रकरणे अधिक उपयोगी आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता ह्या पत्रकाराच्या याचिकेवर तुरुंगातील जातिभेदासंबंधी निकाल दिला. निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंग नियमावलींत भटक्या जमातींच्या कैद्यांस ‘स्वभावतः’ पळून जाणारे समजणारी वाक्ये स्वातंत्र्यानंतर सात दशके छापली जात होती. ती रद्द झाली. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावा, विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे आदेश देण्यात आले, आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आज हवेत का, ह्याचा राज्यांनी विचार करावा असेही न्यायालयाने सुचविले. एका शब्दाच्या अर्थाचा इतका सविस्तर विचार आपल्याकडे न्यायालयात होतो आणि वाङ्मयविभागात होत नाही, हे काही भूषणावह नाही. हे आदेश तळोज्याच्या मध्यवर्ती कारागृहासही लागू आहेत. म्हणजे ह्या विषयाची अभ्याससामग्री नवी मुंबईच्या हद्दीतच आहे.

हे शहर सिडकोने १९७० नंतर वसविले. त्याचे रस्ते, पाया आणि पारसिकच्या टेकड्यांतील खडी ह्यांमागे वडार आणि बंजारा मजुरांचे श्रम मोठे आहेत. तुर्भ्याच्या नाक्यावर सकाळी उभा राहणारा बंजारा महाराष्ट्रातील असेल तर तो विमुक्त जातींच्या ‘अ’ गटात मोडतो. सीमेपलीकडच्या कर्नाटकात त्याचा भाऊबंद अनुसूचित जातीत आहे, तेलंगणात अनुसूचित जमातीत. बोली एक, नाव एक, प्रवर्ग तीन. आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला हवा असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून कुटुंबाचे वास्तव्य राज्यात होते असा पुरावा सादर करावा लागतो: शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, महसुली नोंद. ज्यांना जमीन नव्हती, ज्यांचा पाल दर चार दिवसांनी हलत असे आणि ज्यांच्या घरात शाळेत जाणारे पोर हीच आपत्ती मानली जाई, त्यांच्या आजाची त्या काळातील ठिकाणासह नोंद सापडण्याचा संभव असलेली वही बहुधा एकच: पोलीस ठाण्यातील हजेरीची.